डोईफोडे सरांची पटसंख्या

डोईफोडे सरांना हळू बोलता येत नसे. त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. ग्रंथालयात, मयतीला, प्राचार्यांच्या केबिनमध्ये ते घसा खाकरून आवाज खाली आणायचे, पण तो खाली आणलेला आवाजसुद्धा सायकल स्टँडपर्यंत जायचा. "तुला एक गुप्त सांगतो," असं सर कुणाला म्हणाले की आख्खं कॉलेज हातातलं काम थांबवून ऐकायला लागायचं. आडनाव डोईफोडे असलं, तरी फुटलेली परीक्षानळी कचऱ्यात टाकतानासुद्धा तिला "सॉरी बरं का" म्हणणारा हा माणूस होता.

बीडमधल्या एका विनाअनुदानित कॉलेजात सर उपयोजित जीवशास्त्र शिकवायचे. म्हणजे दूध नासतं कसं, माती सुपीक होते कशी, शेणाचं खत करतं कोण, आणि हे सगळं करणारे जिवाणू पकडून आपल्या कामाला कसे लावायचे, याचं शास्त्र. विषय चांगला, पण नाव अवघड. सरांची अर्धी नोकरी ते नाव समजावण्यातच गेली.

"ह्यात डॉक्टर होतंय का?" लोक विचारायचे.

"नाही."

"मास्तर?"

"होईल की."

"मंग ह्यात हाय काय?"

एवढं विचारलं की संपलं. विचारणाऱ्याची बस निघून जायची, सर पुढच्या बसपर्यंत बोलत राहायचे.

सरांच्या उजव्या-डाव्या दोन्ही हातांची बोटं कायम जांभळी असत. जिवाणू रंगवायचं एक जांभळं औषध असतं, ते कातडीला लागलं की आठवडाभर निघत नाही. एका निवडणुकीत सर मतदानाला गेले, तर तिथल्या अधिकाऱ्याने बोट बघून "तुमचं झालंय की" म्हणून त्यांना बाजूला काढलं. सरांनी तिथेच त्या रंगाची रासायनिक माहिती सुरू केली. "हे बघा, तुमची शाई नखाच्या कडेला मुरते, माझी सगळीकडे आहे. दहाही बोटं रंगलीत. मी काय दहा वेळा मत दिलं का?" मागच्या रांगेतून एक जण ओरडला, "सर, आपल्याकडं त्ये बी हुतंय!" शेवटी अधिकाऱ्यांनी यादीत नाव तपासलं आणि त्यांना आत सोडलं. शाई कुठे लावायची यावर पुन्हा पाच मिनिटं गेली, कारण रिकामी जागाच नव्हती.

पण सरांच्या जिवाला खरा घोर होता तो पटसंख्येचा. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे मोठे बागायतदार आणि जिल्ह्याच्या राजकारणातलं वजनदार माणूस. त्यांचा नियम सोपा होता. दर जूनला पहिल्या वर्षात पंधरा प्रवेश झाले तर विभाग चालू, चौदा झाले तर प्रयोगशाळेला कुलूप. त्यामुळे मे महिना लागला की सर एक मायक्रोस्कोप गोधडीत गुंडाळायचे, मोटरसायकलच्या मागच्या सीटला करकचून बांधायचे आणि विद्यार्थी शोधायला गावोगाव निघायचे. आमच्याकडे अशा कॉलेजांचे सगळेच प्राध्यापक उन्हाळ्यात असे फिरतात. कुणी पत्रकं वाटतं, कुणी बसचा पास फुकट म्हणून सांगतं. डोईफोडे सर मायक्रोस्कोप दाखवायचे.

आमचं गाव सिरसाळ्याच्या अलीकडे. आमचे अण्णा मेंढरं राखतात. मी तेव्हा नुकतीच बारावी झाले होते, आणि माझा निकाल लागणं आणि स्थळं यायला लागणं एकाच आठवड्यात घडलं होतं. अशात एका सकाळी सर पारावर आले. मायक्रोस्कोप मांडला, आरसा फिरवून उन्हाची तिरीप नळीत घेतली आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "आता कुणाच्या तरी दातांतलं थोडंसं पाहिजे."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. आमच्या गावात नारळ फोडण्यापासून लस टोचण्यापर्यंत पहिला मान माजी सरपंचांचा. तेच पुढे झाले. सरांनी काडीने त्यांच्या दाढेतलं किंचित काढलं, पाण्याच्या थेंबात कालवलं, त्यावर काचेचा पातळ तुकडा ठेवला आणि नळीला डोळा लावला. मग ते जे ओरडले ते वेशीपर्यंत ऐकू गेलं.

"आहाहा! काय समृद्ध तोंड आहे!"

रांग लागली. बाया डोक्यावरचे पदर सावरत वाकून बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, वळवळत्यात की गं! लई हायेत!" एकाने दोनदा रांग लावली. माजी सरपंच आधी कौतुकाने उभे होते, मग त्यांच्या लक्षात आलं की आख्खं गाव आपल्या तोंडात डोकावतंय. "ह्ये माझे न्हाईत," ते म्हणाले. "काडीचे असत्याल." आणि घरी निघून गेले. पुढचे आठ दिवस ते रोज पारावर बसून, सगळ्यांना दिसेल असं, लिंबाची काडी चावत होते.

अण्णांनी सगळ्यात शेवटी नळीला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. जनावराकडे बघायची त्यांची हीच पद्धत आहे.

"किती हायेत?" त्यांनी विचारलं.

"मोजता यायचे नाहीत," सर म्हणाले.

"मंग राखायचे कसे?"

"वेगळे करायचे. एका जातीचे एका ठिकाणी. वेळेवर खायला घालायचं, ऊन-गारठा सांभाळायचा, आणि दुसऱ्याच्या कळपातलं आत घुसू द्यायचं नाही."

अण्णांनी सरांकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "मास्तर, ह्ये तर आमचंच काम हाय की," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पोरीला टाका ह्याच्यात. स्थळं काय, कुटं पळून जात न्हाईत." असा माझा प्रवेश झाला. मी त्या वर्षीची चौदावी.

पंधरावं कुणी सापडेना. कागद द्यायला मी अण्णांबरोबर बीडला गेले, तो प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. कॉलेजचे क्लार्क दुपारी तीन वाजता म्हणाले, "सर, चौदाच झाले. पाचला लिस्ट बंद." सरांनी फोन लावले. कुणाचं पोरगं आयटीआयला गेलं होतं, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं होतं, एक जण तर म्हणाला, "सर, मी गेल्या सालीच तुमच्याकडं होतो." सर खुर्चीत बसले. मग एकदम उठले, मोटरसायकलला किक मारली आणि गेले.

साडेचारला ते परत आले, तेव्हा मागच्या सीटवर, मायक्रोस्कोपच्या जागी, त्यांच्या पत्नी होत्या. मंगलकाकू. घरी कैरीचं लोणचं घालायचं चाललं होतं, तसंच त्यांना उठवून आणलेलं. हात कोपरापर्यंत हळदीने पिवळे, हातात बारावी सायन्सची गुणपत्रिका, तिला हिंगाचा वास. पासपोर्ट फोटो नव्हता, म्हणून लग्नाच्या फोटोतून काकूंचा चेहरा कात्रीने कापून आणला होता. कॉलेजच्या ओळखपत्रावर मुंडावळ्या बांधलेली मी पाहिलेली ती एकमेव विद्यार्थिनी.

क्लार्कने फॉर्म पुढे केला. "पालकाचं नाव?"

"माझं लिहा," सर म्हणाले.

"नातं?"

"पती."

"खाली विभागप्रमुखांची शिफारस लागती."

"आणा, मीच आहे."

एका कागदावर सरांनी पालक, वर्गशिक्षक आणि विभागप्रमुख म्हणून तीन सह्या केल्या. काकू सगळ्यात मिळून एवढंच बोलल्या, "मसाला उघडा ठेवलाय. लवकर आवरा."

आम्हाला वाटलं, ही नावापुरती भरती. पण पहिल्या तासाला काकू हजर. नवी वही, दोन पेनं, पाण्याची बाटली, आणि बसायला माझ्या शेजारी. प्रयोगशाळेत चौदा आणि पंधरा हे शेवटचे दोन नंबर एका टेबलावर, म्हणून तीन वर्षं त्या माझ्या जोडीदार झाल्या.

पहिल्या दिवशी सरांनी हजेरी घेतली. "रोल नंबर पंधरा?"

"समोर बसलेय की," काकू म्हणाल्या. "दिसंना का?"

"प्रेझेंट म्हणायचं असतं."

"सकाळी डबा कुणी दिला? मी गैरहजर असते तर मिळाला असता का?"

सरांनी हजेरी लावली आणि चष्मा पुसत फळ्याकडे वळले. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही असाच घोळ. सर "उद्या आंबवण्याच्या प्रयोगाचे टिपण आणणे" असं टाकायचे आणि खाली काकूंचा निरोप यायचा, "येताना मेथी आणा, जुडी बघून घ्या, मागच्यावेळी सडकी होती." पालकसभेला त्या वर्षी एकच पालक आले, आणि ते म्हणजे सर. बाकीच्यांच्या घरी खुरपणी चालू होती. पण सभा घेतल्याचा अहवाल द्यावा लागतो, म्हणून सरांनी ती घेतली. आधी टेबलामागे उभं राहून विभागाची माहिती दिली. मग समोरच्या खुर्चीत येऊन बसले आणि हात वर करून विचारलं, "आमच्या पाल्याची प्रगती कशी आहे?" पुन्हा टेबलामागे गेले आणि म्हणाले, "हुशार आहे, पण शिक्षकाचं ऐकत नाही." दारात उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "पालकाचं बी ऐकत न्हाई, त्ये पण ल्हिवा."

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी सगळ्या कॉलेजला माहीत होती पण सरांसमोर कुणी बोलायचं नाही, आणि सर तर तिच्याविषयी कधीच बोलायचे नाहीत. सरांची प्लेट कधीच स्वच्छ यायची नाही. जिवाणू वाढवायची बशी असते, पेट्री प्लेट. ती ज्योतीजवळ क्षणभर उघडायची, तारेने हवा तो जिवाणू आत फिरवायचा आणि झाकायची. त्या क्षणात श्वाससुद्धा जपून घ्यायचा, नाहीतर हवेतलं, तोंडातलं भलतंच काहीतरी आत पडून वाढतं. सर हे सगळं अप्रतिम समजावून सांगायचे, पण उघड्या प्लेटवर वाकून समजावून सांगायचे. दोन दिवसांनी त्यांच्या प्लेटमध्ये हिरवी बुरशी, काळी बुरशी, पिवळे ठिपके, आणि हवा असलेला जिवाणू सोडून बाकी सगळा गाव गोळा झालेला असायचा.

याचं दुःख त्यांना होतं, कारण त्यांची एक इच्छा होती. कडधान्यांच्या आणि सोयाबीनच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांत एक जिवाणू राहतो, रायझोबियम त्याचं नाव. तो हवेतला नत्र घेऊन पिकाला देतो. बाजारात त्याची तयार पाकिटं मिळतात, पण सरांचं म्हणणं होतं की आपल्या बीडच्या तापलेल्या, खडकाळ मातीत तगून राहिलेला आपलाच जिवाणू शोधायचा, निवडायचा आणि आपल्याच शेतकऱ्याच्या बियाण्याला चोळायचा. दहा-बारा वर्षं ते शेताशेतातून रोपं उपटून आणत होते. प्लेट करत होते. आणि बोलत होते.

काकूंनी पहिल्या महिन्यातच हे ओळखलं. सर आमच्या टेबलापाशी प्रात्यक्षिक दाखवत होते. एका हातात तार, दुसऱ्या हातात अर्धी उघडी प्लेट, तोंडात निर्जंतुकीकरणाचा इतिहास. काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, तोंड मिटा. प्लेट उघडी हाय."

सर थांबले. त्यांनी प्लेट काकूंकडे दिली आणि म्हणाले, "मग तूच कर." काकूंनी ती झाकली, बाजूला ठेवली आणि नवी घेतली. तार ज्योतीत लाल होईपर्यंत धरली, निवू दिली, झाकण जेमतेम तिरपं केलं, चार रेघा ओढल्या आणि बंद. दोन दिवसांनी त्या प्लेटवर एका जातीचे, एका आकाराचे, स्वच्छ वेगवेगळे ठिपके. सरांनी ती प्लेट उजेडात धरली आणि विभागात फिरून सगळ्यांना दाखवली, शिपायालासुद्धा. उघडून मात्र दाखवली नाही. काकूंनी झाकणाला चिकटपट्टी लावली होती.

जानेवारीत अध्यक्षसाहेब डोकी मोजायला आले. खोटे प्रवेश दाखवतात अशी कुणीतरी तक्रार केली होती. मागे चार माणसं, पुढे प्राचार्य. बोटाने मोजत मोजत ते आमच्या टेबलापाशी आले आणि काकूंना ओळखून थबकले. मग मोठ्याने हसले. "काय सर! कोरम भरायला घरचं माणूस बी लावलं का? बरं हाय, उद्या मेव्हणी आणा!" मागची चार माणसं हसली. प्राचार्य हसले. आम्ही पोरंही हसलो, खोटं कशाला सांगू. आणि सर पण हसले. हळू आवाजात हसता येत नव्हतं त्यांना, त्यामुळे सगळ्यात मोठं हसू त्यांचंच ऐकू आलं.

काकूंनी तार जाळली, स्टँडला लावली, हात धुतले आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या शेजारची जागा रिकामी. सर हजेरीत पंधरा नंबर घ्यायचे, थोडा वेळ थांबायचे आणि रेघ न मारता वही मिटायचे. शिकवताना मध्येच अडखळायचे. पाचव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि काकूंची प्रयोगवही माझ्या हातात दिली. "ही घरी नेऊन दे. सह्या राहिल्यात म्हणावं." नवऱ्याने घरातल्या घरात वही द्यायला विद्यार्थिनी पाठवली, यावरूनच मला घरची परिस्थिती कळली.

काकू ज्वारी निवडत बसल्या होत्या. वही घेतली, न उघडता बाजूला ठेवली.

"कावून येईना काकू?" मी विचारलं.

"मला बारावीला चांगले मार्क होते गं," त्या म्हणाल्या. "लग्न ठरलं तवा ह्यांच्या घरच्यांनी विचारलं, भाकरी येती का. ह्यांनी विचारलं, जिवाणू म्हणजे काय माहीत हाय का. मी सांगितलं. मला वाटलं, माणूस असं विचारतोय म्हंजी पुढं शिकवील. सतरा वर्षं वाट बघितली. लेकरू मोठं होऊन लातूरला शिकायला गेलं. आन् ह्यांना माझी आठवण कधी झाली? चौदा भरले तवा." त्यांनी ज्वारीतला एक खडा उचलून लांब फेकला. "शिकायला मी खुशीनं आले. कोरम म्हणून न्हाई. आन् त्यो माणूस बोलला त्याचं मला काय न्हाई. ह्ये हसले कावून?"

मी वर बघितलं तर सर दारात उभे होते. माझ्या मागोमाग आले असणार. ते काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. तीन वर्षांत एवढं एकदाच झालं की सर बोलले आणि मला ऐकू आलं नाही.

"काय म्हणलात?" काकूंनी विचारलं.

"चुकलं माझं," सर तितक्याच हळू म्हणाले.

काकूंनी निवडलेली ज्वारी डब्यात ओतली. मग म्हणाल्या, "प्रॅक्टिकल असंल त्या दिवशी सैपाक तुमी करायचा. आन् अध्यक्ष परत आले तर हसायचं न्हाई."

"नाही हसणार."

"बघू," काकू म्हणाल्या आणि वही उघडून बघितली. कुठे कुठे सह्या राहिल्यात ते मोजलं.

त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस सर स्वयंपाक करायला लागले, तो सगळा शास्त्रोक्त. बेसन प्रयोगशाळेच्या काट्यावर ग्रॅममध्ये तोललेलं, फोडणीचं तापमान लिहून ठेवलेलं. एकदा डब्यात पिठल्याच्या दोन वाट्या आल्या, एक पिवळी, एक फिकी. "फिक्यात मीठ नाही," सरांनी खुलासा केला. "तुलना करायला काहीतरी पाहिजे की." आम्ही सगळ्यांनी तुलना केली. मीठ घातलेलंही फार बरं नव्हतं, पण काकूंनी दोन्ही वाट्या संपवल्या.

तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला एक मोठी अडचण आली. शेवटच्या वर्षाला परीक्षकाला लिहून द्यावं लागतं की माझं कुणी जवळचं नातेवाईक या परीक्षेला बसलेलं नाही. सरांच्या विभागाची परीक्षा तोवर दुसऱ्या कुणी घेतलेली नव्हती. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, प्राचार्यांना परत केला आणि स्वतःच्या प्रयोगशाळेबाहेर जाऊन कडुनिंबाखाली उभे राहिले. आत बाहेरगावच्या एक मॅडम परीक्षक म्हणून आल्या होत्या. कडक. त्यांच्या नजरेला नजर दिली की पाठ केलेलं विसरायला व्हायचं.

काकूंचा प्रयोग सोयाबीनच्या गाठींचा. गाठी धुऊन, चिरडून, जिवाणूंच्या लाल रंगाच्या खाद्यावर रेघा ओढून काही दिवस आधी ठेवलेली प्लेट परीक्षेच्या दिवशी दाखवायची असते. रायझोबियम तो लाल रंग फारसा पीत नाही, पांढुरका राहतो. भेसळ असली की लगेच दिसते. मॅडमनी काकूंची प्लेट उजेडात धरली. एकेक ठिपका पांढरा, गोल, चकचकीत. मॅडमच्या कपाळाला आठी पडली.

"ही तुम्हाला कुणी करून दिली?"

नवरा विभागप्रमुख असल्याचं त्यांच्या कानावर गेलेलं असणार. प्लेट दुसऱ्याची ठरली तर काकूंची तीन वर्षं मातीत.

काकू जरासुद्धा हलल्या नाहीत. "मॅडम, अशी प्लेट करून द्यायला गप बसणारं माणूस लागतंय," त्या म्हणाल्या. "आमच्या डिपार्टमेंटला माझ्याशिवाय त्ये न्हाई."

खिडकीबाहेरून, कडुनिंबाखालून, आवाज आला, "अगदी बरोबर आहे!"

मॅडम खिडकीकडे वळल्या. सर पटकन झाडामागे गेले, पण झाड बारीक होतं. शिपायाने जाऊन त्यांना गेटपर्यंत सोडलं. मॅडमनी मग काकूंना नवी गाठ, नवी तार, नवी प्लेट दिली आणि समोर बसून सगळं पुन्हा करून घेतलं. काकूंनी झाकण तिरपं केलं तेव्हा मॅडमनी स्वतःचा श्वास धरलेला मी बघितला. नंतर त्यांनी गुणपत्रकावर काहीतरी लिहिलं आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसल्या. प्रात्यक्षिकात काकू आमच्या सगळ्यांच्या वर होत्या. मी दुसरी आले. अण्णांनी गावात सांगताना दोघींचे नंबर आपल्याच घरचे म्हणून सांगितले.

आमचा निकाल लागला त्याच जूनमध्ये पहिल्या वर्षाला नऊ प्रवेश झाले. सरांनी बारा गावं जास्तीची फिरून बघितली. "आता घरात फक्त आई राहिलीय," ते मला फोनवर म्हणाले, "आणि तिची चौथी झालेली." हे सांगून ते हसले आणि मग फोनवर काहीच बोलेनात. ते गप्प झालेले ऐकून मला रडू आलं. प्रयोगशाळेला कुलूप लागलं. सरांना त्याच संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीचं जीवशास्त्र दिलं. तिथे ऐंशी पोरं आणि प्रयोग नाही. फळ्यावर बेडकाचं चित्र.

मी आता एका दूध प्रकल्पात तपासणीचं काम करते. गेल्या हिवाळ्यात लिंबागणेशला गणपतीच्या दर्शनाला गेले होते, येताना वाट वाकडी करून सरांच्या घरी गेले. रविवारची सकाळ होती. बाहेरच्या खोलीच्या दारावर पाटी, "माती, पाणी व दूध तपासणी केंद्र. जिवाणू खत मिळेल." खाली काकूंचं नाव, बी.एस्सी. लावून. ओसरीवर शेतकऱ्यांची रांग, प्रत्येकाच्या हातात मातीची पिशवी. काकू पांढऱ्या कोटात टेबलाशी. त्यांच्या मागे कपाटात, बीडच्याच मातीतल्या रायझोबियमची पाकिटं रचलेली.

मला बघून त्यांनी बसल्या बसल्या हात धरला. चार शब्द झाले. एवढ्यात आतल्या खोलीतून तो आवाज आला. भिंत मध्ये होती, तरी एक अक्षर चुकत नव्हतं.

"सर शिकवतायत?" मी विचारलं.

"दुसऱ्या कॉलेजच्या पोरी येतात ट्रेनिंगला. आता डिग्रीला लागतंय ना म्हैनाभर, बाहेर काम केल्याचं. सर्टिफिकेट मी देते, शिकवायला हे."

दार अर्धवट उघडं होतं. मी डोकावून बघितलं. सर फळ्याशी उभे, खडू हातात, बोटं पूर्वीसारखीच जांभळी. पंचावन्न-साठ जणांच्या वर्गाला पुरेल एवढ्या आवाजात ते नत्राविषयी बोलत होते, आणि समोर बाकावर एकच मुलगी. एकटीच वहीत भराभर लिहून घेत होती.

"एवढीच?" माझ्या तोंडून गेलं.

"ह्या म्हैन्यात एवढीच," काकू म्हणाल्या. समोरच्या शेतकऱ्याच्या पिशवीवर त्यांनी नाव लिहिलं. "पहिल्या दिवशी हे मला म्हणले, एकच आलीय, परत पाठवू का. मी म्हणलं, कावून? हितं एक आली तरी वर्ग भरतो."

मला सरांना भेटायचं होतं, लगेच. मी आत जायला पाऊल टाकलं, तर काकूंनी माझा पदर धरून मागे ओढलं.

"थांब की गं. तास चालू हाय."

मी चपला काढल्या आणि मातीच्या पिशव्या घेऊन बसलेल्या माणसांच्या रांगेत, भिंतीला टेकून, तास संपायची वाट बघत बसले.